तळ्यातले पाणी किती दिवस? एका डाळिंब बागेच्या साठवणीचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला भागातल्या नेहमीच्या बागेसारखी ही बाग आहे आणि हिशेबासाठी मापेही तशीच धरली आहेत. क्षेत्र एक हेक्टर, लागवड साडेचार बाय तीन मीटरवर, झाडे ७४०. पाण्यासाठी एक शेततळे, एक जुनी विहीर, ठिबकच्या फिल्टरजवळ सिमेंटचा हौद आणि फवारणीसाठी प्लास्टिकची टाकी. कमी पडले तर टँकर.

तारीख १ फेब्रुवारी. बाग ताणावर आहे, म्हणजे पाणी तोडून ठेवले आहे, आणि आंबे बहार (आता पाणी सुरू करून येणारी फुले-फळे) धरायचा की नाही, हे ठरवायचे आहे. एकदा ताण तोडून पहिले पाणी दिले की मध्ये थांबता येत नाही. एप्रिल-मेमध्ये फळ फुगत असताना पाणी तुटले तर फळ तडकते, गळते, आणि वर्षाची मेहनत जाते. म्हणून प्रश्न एकच: आज जेवढे पाणी आहे ते मृग लागेपर्यंत पुरेल का? मृगाचे पहिले दिवस कोरडे गेले तर काय, म्हणून शेवटची तारीख १५ जून धरली.

शेतकऱ्याचा स्वतःचा हिशेब असा होता. तळे ३० बाय ३० बाय ३, म्हणजे २,७०० घनमीटर. पाणी २.२ मीटर खोल, म्हणजे १,९८० घनमीटर, अर्थात १९ लाख ८० हजार लिटर. विहिरीचे पाणी रोज वापरून जे कमी पडेल ते तळ्यातून घ्यायचे, तर ते ३० मेपर्यंत पुरते. पुढे पंधरा दिवस टँकर. जुळण्यासारखे वाटत होते.

प्रत्यक्षात तळे १९ एप्रिललाच तळाला लागले असते. चाळीस दिवसांहून जास्त फरक कुठून आला, ते खाली उलगडले आहे. त्यात काही दोष तळ्याचा आकार चुकीचा धरल्याचा आहे. बाकीचा तळाचे हाती न येणारे पाणी आणि वाफ न धरल्याचा आहे.

शेततळे: काठ मोठा, तळ लहान

शासनाच्या २०१६ सालच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले सर्वांत मोठे माप ३० × ३० × ३ मीटर होते. तेच इथे आहे. पण ३० मीटर ही वरच्या काठाची लांबी. बाजूंना १:१ उतार आहे, म्हणजे एक मीटर खाली जाताना भिंत एक मीटर आत येते. तीन मीटर खाली गेल्यावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर कमी होऊन तळ २४ × २४ उरतो.

अशा आकाराला काठ, मध्य आणि तळ अशी तीन क्षेत्रफळे घ्यावीत:

घनफळ = खोली ÷ ६ × (काठाचे क्षेत्रफळ + ४ × मधल्या उंचीवरचे क्षेत्रफळ + तळाचे क्षेत्रफळ)

३ ÷ ६ × (९०० + ४ × ७२९ + ५७६) = २,१९६ घनमीटर.

काठ आणि तळ यांची सरासरी घेतली तर २,२१४ येतात. मधली २७ मीटरची लांबी धरून २७ × २७ × ३ केले तर २,१८७. या दोन्ही उत्तरांचा २,१९६ शी एक टक्काही फरक नाही, त्यामुळे शेतावर यातले जे सोपे वाटेल ते वापरायला हरकत नाही. २,७०० मात्र चूकच, कारण तिथे उभ्या भिंतींचा डबा धरला आहे.

उतार खरोखर १:१ आहे का, हेही तपासावे लागते. काळ्या मातीत बाजू ढासळते म्हणून १.५:१ उतार ठेवतात. तसे असते तर तळ २१ × २१ आणि साठा १,९७१. तपासण्यासाठी काठावरून समोरच्या काठापर्यंत दोरी ताणावी, काठापासून एक, दोन, तीन मीटरवर वजन बांधलेला टेप सोडावा आणि दोरीपासून तळापर्यंतचे अंतर वाचावे. एक मीटरवर एक मीटर, दोनवर दोन आले तर उतार १:१. तळे चौरस आहे की तिरके, हे कर्णावरून कळते: ३० × ३० असेल तर दोन्ही कर्ण ४२.४३ मीटर. ही मापे काठावरूनच घ्यायची. अस्तराच्या ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही आणि घसरलेल्या माणसाला वर येता येत नाही. शेततळ्यात माणसे अशीच बुडतात. काठावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब नेहमी असावी.

आता २,१९६ पैकी खरोखर किती भरते? सांडव्याचा पाइप काठाखाली अर्ध्या मीटरवर आहे, म्हणून पाणी २.५ मीटरच्या वर चढत नाही. त्या पातळीला पाण्याचा पृष्ठभाग २९ × २९, आणि साठा १,७६१ घनमीटर. तळाशी गाळ आहे, आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप) गाळ ओढू नये म्हणून उंच टांगला आहे. तळाचे ३० सेंटिमीटर त्यामुळे हातात येत नाहीत. ते १७७ घनमीटर. अगदी तुडुंब भरले तरी वापरता येणारे पाणी १,५८४ घनमीटरच.

पाण्याची खोली पाहून साठा पटकन काढता यावा म्हणून या तळ्यापुरते एक सूत्र करून ठेवले:

साठा = ५७६ × खोली + ४८ × खोली × खोली + १.३३ × खोली × खोली × खोली

यात ५७६ हे तळाचे क्षेत्रफळ आहे. ४८ आणि १.३३ हे आकडे २४ मीटरचा तळ आणि १:१ उतार यांतून येतात, म्हणून दुसऱ्या मापाच्या तळ्याला हे सूत्र लागू नाही. अर्ध्या मीटरला ३००, एक मीटरला ६२५, दीडला ९७७, दोनला १,३५५ आणि अडीच मीटरला १,७६१ घनमीटर येतात. दीड मीटर म्हणजे तीन मीटरच्या निम्मे, पण पाणी २,१९६ च्या निम्मे नसून ४४ टक्के आहे. २.२ वरून २.१ मीटरवर उतरताना ८० हजार लिटर निघतात, ०.४ वरून ०.३ वर येताना ६१ हजारच. म्हणून “अजून निम्मे तळे आहे” म्हणत शेवटच्या आठवड्यांचे नियोजन केले की ते हुकते.

खोली मोजतानाचा नेहमीचा गोंधळ उताराचा असतो. टेप उतारावर टेकवून कोरडा भाग मोजला तर ते अंतर तिरके असते, आणि १:१ उतारावर ते उभ्या अंतराच्या १.४१४ पट भरते. इथे काठापासून पाण्यापर्यंत तिरके अंतर १.१३ मीटर आले. १.१३ ÷ १.४१४ = ०.८ मीटर उभे, म्हणून पाण्याची खोली ३ − ०.८ = २.२ मीटर. तिरके अंतरच खोली समजून ३ मधून वजा केले असते तर १.८७ मीटर आले असते आणि साठ्यात अडीच लाख लिटरांहून जास्त चूक झाली असती.

२.२ मीटरला साठा १,५१४ घनमीटर. तळाचे १७७ वजा जाता वापरायला १,३३७. शेतकऱ्याच्या कागदावर १,९८० होते.

विहीर: वरून दिसते तेवढी खाली नसते

विहिरीचे बांधकाम आतून सहा मीटर व्यासाचे आहे. एका मीटर खोलीत २८.२७ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. पाणी साडेचार मीटर, तर गुणाकार १२७ घनमीटर. पण बांधकाम पाण्याखाली जेमतेम १.३ मीटर जाते. त्याखाली खडकात खोदाई अरुंद होत गेली आहे. जुन्या विहिरींत हे सर्रास असते, कारण सुरुंग लावून खोदताना जसजसे खाली जावे तसतशी काठाची जागा सुटत जाते.

खडकातला व्यास दिसत नाही, तो पंपाने काढावा. मुख्य पाइपावरच्या मीटरने उपसलेले पाणी मोजायचे आणि पातळी किती उतरली ते पाहायचे. उपसा ÷ पातळीतली घट = क्षेत्रफळ. पाणी खडकाच्या भागात असताना ४२.५ घनमीटर उपसल्यावर पातळी दोन मीटर उतरली, म्हणजे २१.२ चौरस मीटर, व्यास ५.२ मीटर. उपसत असताना झऱ्यांतून आत येणारे पाणी उपशातून वजा करावे लागते, नाहीतर विहीर आहे त्याहून मोठी निघते. म्हणून ही चाचणी झटपट, मोठ्या पंपाने करावी आणि पंप बंद केल्यावर लगेच पातळी किती वेगाने चढते तेही टिपावे.

आता साठा: वर १.३ × २८.२७ = ३७ आणि खाली ३.२ × २१.२४ = ६८, एकूण १०५ घनमीटर. वरचा व्यास तळापर्यंत धरला असता तर २२ घनमीटर जास्त दिसले असते. खोली परसांत (माणसाच्या अंगावरून घेतलेल्या मापात) सांगितलेली असेल तर तीही टेपने पुन्हा मोजावी, कारण परस माणसागणिक लहानमोठा होतो.

विहिरीच्या साठ्यापेक्षा तिची आवक महत्त्वाची. उपसा बंद ठेवून चोवीस तासांत पातळी ४० सेंटिमीटर चढली: ०.४ × २१.२४ = ८.५ घनमीटर रोज. भूजल उतरत जाते म्हणून मार्चला ६, एप्रिलला ३ आणि मेमध्ये शून्य धरले. विहिरीतला आजचा साठा वेगळा जमेला धरला नाही, कारण उन्हाळ्यात पातळीच खाली जाते आणि तो साठा राहत नाही. हिशेबात असा हात राखलेलाच बरा.

हौद: टँकर मोजायचे माप

हौदाची बाहेरची मापे ४.४६ × २.९६ मीटर, खोली १.५. गुणाकार १९.८ घनमीटर येतो. भिंती २३ सेंटिमीटरच्या आहेत, म्हणून आतून ४ × २.५ × १.५ = १५ घनमीटर. हौदासारख्या साध्या आकारातही बाहेरून मोजल्याने ३२ टक्के चूक होते. सगळ्या आकारांत ही चूक सर्वांत जास्त वेळा दिसते.

या हौदाचा तळ बरोबर १० चौरस मीटर आहे. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर चढले की १०० लिटर. टँकर तपासायला याहून चांगले साधन नाही. तोच टँकर शेततळ्यात ओतला तर पातळी सव्वा सेंटिमीटर चढते, आणि वाऱ्याच्या लाटेत ती वाचताच येत नाही.

टँकर: आडवे नळकांडे

आडव्या गोल टाकीत पाण्याची उंची आणि पाण्याचे प्रमाण सरळ जुळत नाही, कारण मध्ये टाकी रुंद असते आणि वर-खाली निमुळती. “दहा हजारांचा” टँकर मोजायला बाहेरून टेप गुंडाळून परीघ घेतला: ५.६९ मीटर. ३.१४१६ ने भागून १.८१ मीटर, दोन्ही बाजूंचा पत्रा वजा करून आतला व्यास १.८. लांबी ३.९. क्षेत्रफळ ०.७८५४ × १.८ × १.८ = २.५४५, आणि घनफळ ९.९२ घनमीटर. मापात खोट नाही, टाकी दहा हजारांच्या जवळच आहे.

पण झाकण उघडून काठी घातली तर पाणी वरून ३० सेंटिमीटर खाली होते. व्यासाचा सहावा भाग रिकामा, म्हणून सहावा भाग पाणी कमी असे नाही. वरचा भाग निमुळता असल्याने कमी पडते ते ११ टक्के, म्हणजे १,०९० लिटर. उंचीच्या टक्क्यावरून पाण्याचा टक्का असा:

उंची १० टक्के, पाणी ५.२ टक्के
उंची २०, पाणी १४.२
उंची ३०, पाणी २५.२
उंची ४०, पाणी ३७.४
उंची ५०, पाणी ५०
उंची ६०, पाणी ६२.६
उंची ७०, पाणी ७४.८
उंची ८०, पाणी ८५.८
उंची ९०, पाणी ९४.८

हा तक्ता कुठल्याही आडव्या गोल टाकीला लागतो, डिझेलच्या टाकीलासुद्धा. टँकर लंबगोल असेल तरी टक्के हेच राहतात, कारण लंबगोल म्हणजे एका बाजूने ताणलेले वर्तुळ. फक्त पूर्ण टाकीचे घनफळ काढताना व्यास दोनदा न घेता रुंदी आणि उंची घ्यायची: ०.७८५४ × रुंदी × उंची × लांबी. काठी घालताना टँकर सपाट जागी उभा असावा. उतारावर उभा असेल तर मागच्या झाकणातून एक आणि पुढच्यातून दुसरीच उंची येते.

टँकर हौदात रिकामा केला. पातळी ८८ सेंटिमीटर चढली, म्हणजे ८,८०० लिटर. काठी आणि तक्त्यावरून ८,८३० आले होते. दोन्ही जुळले, म्हणून पुढे प्रत्येक वेळी हौदात ओतायची गरज नाही, काठी पुरते. भाव टँकरवर न ठरवता लिटरवर ठरवावा.

फवारणीच्या प्लास्टिकच्या टाकीला सूत्रच नको. अंगावर कडी, वर निमुळता गळा, तळाला नळ काही सेंटिमीटर उंच. वीस लिटरच्या मोजलेल्या कॅनने भरत जावे आणि बाहेरून रंगाने खुणा कराव्यात. हजार लिटरच्या म्हणून घेतलेल्या टाकीत ओव्हरफ्लोपर्यंत ९२० लिटरच बसत असतील आणि औषध हजार लिटरचे घातले, तर द्रावण जवळपास नऊ टक्के तीव्र होते. कोवळ्या पानांवर आणि फुलांवर ते दिसते.

सगळे एकत्र

झाडाची गरज फेब्रुवारीत रोज २० लिटर, मार्चमध्ये २६, एप्रिलमध्ये ३२ आणि मेपासून ३४ धरली. ७४० झाडांसाठी हे रोज १४.८, १९.२, २३.७ आणि २५.२ घनमीटर. विहिरीची आवक वजा केली की तळ्यातून फेब्रुवारीत रोज ६.३, मार्चमध्ये १३.२, एप्रिलमध्ये २०.७ आणि मेमध्ये २५.२ काढावे लागतात.

नुसता आकार आणि तळाचे हाती न येणारे पाणी नीट धरले तर १,३३७ घनमीटर ५ मेपर्यंत जातात. शेतकऱ्याचा ३० मे इथेच पंचवीस दिवसांनी मागे आला. उरलेले पंधरा-सोळा दिवस वाफेने नेले. उघड्या तळ्यातून फेब्रुवारीत रोज ५ मिलिमीटर, मार्चमध्ये ६.५, एप्रिलमध्ये ८, मेमध्ये ८.५ आणि जूनच्या पंधरवड्यात ७ धरले. मिलिमीटर थोडे वाटतात, पण पृष्ठभाग ८०० चौरस मीटर असताना ५ मिलिमीटर म्हणजे रोज चार हजार लिटर. असे करत तळाचे १७७ धरून फेब्रुवारीअखेर १,२२७, मार्चअखेर ६७१ घनमीटर उरतात, आणि १९ एप्रिलला पंप हवा ओढू लागतो.

१५ जूनपर्यंतची तूट सुमारे १,३८५ घनमीटर. ८,८०० लिटरच्या हिशेबाने १५७ टँकर. हेक्टरभर डाळिंबाला हा खर्च झेपत नाही, हे उघड आहे.

म्हणून बाग वाटून घेतली. २०० झाडांचा आंबे बहार धरायचा आणि त्यांना पूर्ण पाणी द्यायचे. उरलेली ५४० झाडे मृग बहाराला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर धरायच्या बहाराला, ठेवायची. त्यांना तसाही उन्हाळ्यात ताण द्यायचाच असतो, म्हणून झाड जगण्यापुरते रोज ५ लिटर. त्यासाठी ठिबकच्या उपनळ्यांना वेगळा व्हॉल्व्ह बसवला. २०० झाडांना १५ जूनपर्यंत ७७८ घनमीटर लागतात, ५४० झाडांना ३६५. विहिरीची आवक ५१४. वाफ मात्र ६९३, कारण पाणी हळू उपसल्याने पृष्ठभाग जास्त दिवस मोठा राहतो. बहार धरलेल्या २०० झाडांना जेवढे द्यायचे जवळपास तेवढेच आकाश नेते. नवे तळे घेणाऱ्याने म्हणूनच पसरट आणि उथळ तळे घेऊ नये. जमीन साथ देत असेल तर काठ कमी आणि खोली जास्त, हेच आमचे ठाम मत आहे.

शिल्लक १५ घनमीटर राहते, म्हणजे एका-दोन दिवसांचे पाणी. एवढ्या कमी शिल्लकीवर चालायचे तर दर महिन्याला पडताळणी हवी. त्यासाठी उताराच्या अस्तरावर काठापासून तिरके अंतर मोजून, तळे भरण्याआधी अस्तर कोरडे असताना रंगाने पट्टे मारून ठेवावेत. यंदा तळे भरलेले असल्याने काठावर बांधलेल्या टेपवर चिंध्यांनी खुणा केल्या. पाणी काठापासून तिरके इतके खाली असावे: फेब्रुवारीअखेर १.२४ मीटर, मार्चअखेर १.६३, एप्रिलअखेर २.३२, मेअखेर ३.३१, आणि १५ जूनला ३.७९.

पाणी खुणेच्या खाली गेलेले दिसले तर आधी झाडांचे पाणी तोडू नये, गळती पाहावी. तीन दिवस तळ्याचा उपसा पूर्ण बंद ठेवावा. काठाजवळ अर्धे बुडेल इतकेच पाणी घातलेले मोठे घमेले तरंगत बांधावे. घमेल्यातले पाणी रोज ७ मिलिमीटर उतरते आणि तळे १३, तर फरकाचे ६ मिलिमीटर अस्तराच्या भोकातून जात आहेत. ७४० चौरस मीटर पृष्ठभागावर ते रोज ४,४०० लिटर होतात, म्हणजे एप्रिलमधल्या १३८ झाडांचे पाणी. भोक बहुतेक वेळा उताराच्या वरच्या पट्ट्यात, पाणी-रेषेच्या आसपास सापडते, कारण तिथे ऊन, जनावरांचे खूर आणि पाइपाची घासण तिन्ही लागतात.

घमेले आणि तळे सारखेच उतरत असतील तर अस्तर शाबूत आहे आणि वाफच अंदाजापेक्षा जास्त आहे. मग मार्चअखेरीच्या खुणेवरच निर्णय घ्यावा: खुणेच्या खाली दर पाच सेंटिमीटर तिरक्या अंतराला सुमारे २७ घनमीटर कमी आहेत, आणि एप्रिल ते १५ जून आंबे बहाराच्या एका झाडाला अडीच घनमीटर लागतात. तूट भागेल तेवढ्या झाडांची फळे त्याच आठवड्यात काढून टाकावीत.